तांबड्या फुलाची फांदी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सकाळची वेळ आहे, तेव्हा तुमच्यातल्या निम्म्या मंडळींच्या हातात चहाचा कप असणार. त्या कपात जी पत्ती उकळली आहे तिचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. म्हणजे आमच्या नातेपुत्याच्या स्टँडवर पहाटेपासून रात्रीपर्यंत कॅमेलियाच उकळत असते. पण कॅमेलियाचं फूल पाहिलेला माणूस गावात शोधायला निघालात, तर दिवस मावळेल. मीसुद्धा ते फोटोतच पाहिलं आहे.

तो फोटो गेल्या फेब्रुवारीत माझ्या पुतणीनं मोबाईलवर पाठवला. आमचे जावई सैन्यात आहेत, सध्या नेमणूक दार्जिलिंगच्या बाजूला. तिथल्या क्वार्टरच्या दारात एक झुडूप आहे, माणसाच्या उंचीचं. पानं गडद हिरवी, जाड, तेल चोळल्यासारखी चकचकीत. आणि त्या हिरव्यात तांबडीभडक फुलं, पाकळ्यांवर पाकळ्या रचलेली, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. खाली तिनं लिहिलं होतं, ‘चाचा, ही कुठली जास्वंद? वास नाही, पण पानं आपल्या जास्वंदीपेक्षा जाड आहेत. सुट्टीला येताना रोप आणू का?’

मी कळवलं, आणू नकोस. लगेच फोन आला, ‘का? आपल्याकडं नाही का लागणार?’ त्या ‘का’चं उत्तर द्यायला मला जितका वेळ लागला, तितकाच वेळ आज आकाशवाणीनं दिला आहे.

ती जास्वंद नव्हती, तो कॅमेलिया होता. चहाचा सख्खा भाऊ, कॅमेलिया जपोनिका. चीन, जपान, कोरियाकडचं हे झाड. बारा महिने हिरवं, आणि फुलतं ते थंडीत, म्हणजे भोवतालची इतर झाडं गप्प असतात तेव्हा. त्याला हे नाव दिलं लिनियसनं, 1753 साली. जॉर्ज जोसेफ कामेल या जेझुइट धर्मबंधूची ती आठवण. हा कामेल मूळचा आजच्या चेक देशातल्या ब्रनोचा. तो फिलिपीन्समध्ये गेला, मनिलाला औषधं देत राहिला, तिथल्या झाडाझुडपांची वर्णनं लिहून इंग्लंडला धाडत राहिला, आणि 1706 मध्ये तिथंच वारला. औषध देणाऱ्या माणसाचं नाव अशा फुलाला मिळालं, की जे पुढं युरोपात श्रीमंतांच्या कोटाला लावायची वस्तू झालं.

फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्युमा, म्हणजे त्या दोन द्युमांतला धाकटा, त्याची 1848 ची कादंबरी कॅमेलियावालीचीच. तिची नायिका महिन्यातले पंचवीस दिवस पांढरा कॅमेलिया हातात धरते आणि पाच दिवस तांबडा. पण मला जास्त जवळचा वाटतो तो रवींद्रनाथांचा कॅमेलिया. ‘पुनश्च’ या 1932 च्या संग्रहात त्यांची याच नावाची एक लांब कविता आहे. एक तरुण, कमला नावाच्या मुलीला द्यायचं म्हणून कॅमेलियाचं दुर्मिळ रोप मिळवतो, जपतो, कळी उमलायची वाट पाहतो. आणि शेवटी ते फूल त्याला दिसतं एका संथाळ मुलीच्या कानावर. ती त्याच्याकडं कामाला येणारी. हौस एकाची, फूल दुसरीच्या कानावर. बागकाम करणाऱ्या कुणालाही हे पटेल.

तर आमच्याकडं का नाही? उत्तर मातीत आहे.

नातेपुते हे सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेच्या टोकाचं गाव. ज्ञानोबा माउलींची पालखी फलटणकडून येते, बरड सोडून धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते आणि मुक्कामाला आमच्याकडं थांबते. वारकऱ्यांच्या पायाला जी माती लागते ती काळी, आणि थोडं खणलं की पांढरे खडे. चुनखडी. पाणी बोअरचं घ्या, विहिरीचं घ्या, बादलीच्या कडेला पांढरा थर आणि चहाच्या पातेल्याला आतून पापुद्रा. कुणी माती तपासून आणली, तर अहवालावर ‘सामू’ या शब्दापुढं आठ किंवा त्याच्या वरचा आकडा असतो. सात म्हणजे ना आंबट, ना खारट. कॅमेलियाला हवी आंबट माती, साडेपाच ते साडेसहा सामूची. आठ आणि सहा यांत फरक दोनाचा दिसतो, पण या मापात दर एक अंक दहापटीचा असतो. म्हणजे फरक झाला शंभर पटींचा.

या शंभर पटींचं गणित झाडाच्या अंगावर कसं उमटतं, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. उसावर केवडा पडलेला त्यानं पाहिला आहे. पानं पिवळी, मग पांढुरकी, शिरा तेवढ्या हिरव्या. जमिनीत लोह असतं, पण चुनखडी त्याला असं बांधून ठेवते की मुळांना ते उचलता येत नाही. घरात धान्य आहे, पण कणगीला कुलूप. (केवड्यासारख्या वासाच्या फुलाचं नाव रोगाला देणारा शेतकरी कोण असेल? मला त्याला भेटायचं होतं. पिवळ्या पडलेल्या उसातही त्याला केवड्याचं पान दिसलं.) तोच केवडा कॅमेलियावर दोन-तीन महिन्यांत पडेल. त्यावर मे महिन्याचं बेचाळीस अंशांचं ऊन आणि कोरडा वारा. कॅमेलियाची मुळं वरवरची असतात, त्यांना ओल हवी, पण साचलेलं पाणी नको, सावली हवी, पण अंधार नको. कळी धरल्यावर एकदा जरी माती वाळली तरी कळ्या न उमलता गळतात.

ही आंबट-खाऱ्याची परीक्षा तुम्ही घरी करू शकता, आणि गंमत म्हणजे ती जास्वंदीच करून देते. शाळेत केलेला प्रयोग आठवत असेल. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाका, रंग उतरेल. त्यातल्या एका पेल्यात लिंबू पिळा, पाणी गडद गुलाबी होईल. दुसऱ्यात चुन्याची निवळी टाका, ते हिरवं होईल. मग तिसऱ्या पेल्यात तुमच्या बोअरचं पाणी घाला आणि रंग कुठल्या बाजूला झुकतो ते पाहा. आमच्याकडं तो लिंबाच्या बाजूला कधीच जात नाही. पुतणीला मी हाच प्रयोग सांगितला. तिनं तिथल्या झऱ्याच्या पाण्यावर केला असता, पण अडचण अशी की तिच्याकडं जास्वंद नाही. तिथली थंडी जास्वंदीला सोसत नाही, कडाक्यात फांद्या काळ्या पडतात.

तरीही कुणाला कॅमेलियाची हौस असेलच, तर जमिनीत लावू नका, कुंडीत लावा. कुंडीत आपली काळी माती चिमूटभरही नको. कोकणातली किंवा महाबळेश्वरकडची तांबडी माती, पालापाचोळ्याचं जुनं खत, नारळाच्या काथ्याचा भुसा. कुंडी घराच्या पूर्वेला, सकाळचं ऊन मिळेल आणि दहानंतर सावली येईल अशी. आणि पाणी फक्त पावसाचं. दहा चौरस मीटर पत्र्यावर वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच हजार लिटर पाणी होतं. पन्हाळ लावून त्यातलं चार-पाच पिंपं साठवलं तरी एका कुंडीला वर्ष निघेल. सगळं करूनही मे महिना आहेच. माझं मत विचाराल, तर झाडाला इतकं लाचार करून घरात ठेवू नये. ज्याला दार्जिलिंग मानवतं त्याला दार्जिलिंगला राहू द्यावं. आपण त्याची पत्ती उकळून पितो, तेवढं नातं पुरे आहे.

आता जास्वंदीकडं येऊ. बारा महिने हिरवं, तांबड्या फुलाचं, अंगणात लावायचं झुडूप असं म्हटलं, की आपल्याकडं उत्तर एकच. पण ती इतकी सोपी आहे की तिला कुणी मोजत नाही. कॅमेलिया चहाच्या घरचा, तशी जास्वंद कष्टकऱ्यांच्या घरची. अंबाडी तिची बहीण, भेंडी आणि कापूस तिचे चुलत. खरं वाटत नसेल तर भेंडीचं फूल आणि कापसाचं बोंड धरण्याआधीचं फूल तिच्याशेजारी ठेवून पाहा. तोंडवळा एकच. फक्त हिनं मधला दांडा बाहेर लांब काढला आहे, वर पिवळे परागकण आणि टोकाला तांबडे पाच ठिपके.

हिचंही नाव लिनियसनं त्याच 1753 च्या ग्रंथात घातलं, ‘चीनचा गुलाब’ या अर्थाचं. पण ती गुलाब नाही, आणि चीनच्या रानात ती आपसूक उगवलेली सापडत नाही. आपल्या जुन्या संस्कृतात ती ‘जपा’ म्हणून आहे, पण आपल्याही रानात ती नाही. अलीकडच्या अभ्यासकांपैकी काहींचं मत असं, की पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या दोन जातींचा हा फार जुना संकर आहे, आणि माणसांनीच तो होड्यांमधून इकडं तिकडं नेला. हे मत मला खरं वाटतं, कारण अंगणातली साधी तांबडी जास्वंद बी धरत नाही. तुम्ही कधी जास्वंदीचं बी पाहिलंय? दाण्यांच्या बाजारात विकायला आलेलं? नाही. फूल उमलतं, संध्याकाळी छत्रीसारखं मिटतं, गळून पडतं. मागं काही राहत नाही.

म्हणजे आज नातेपुत्यात, माळशिरसला, अकलूजला, पंढरपुरात जिथं जिथं ती जुनी पाच पाकळ्यांची जास्वंद आहे, तिथं कुणीतरी कधीतरी दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘एक फांदी द्या’ असं म्हटलेलं आहे. पाखरानं बी टाकलं, वाऱ्यानं आणलं, असं या झाडाबाबत होत नाही. त्याला वारा नाही, पाखरू नाही, फक्त शेजारी आहे. फांदी मागणारा आणि देणारा यांतला एक जरी हटला, तरी ते झाड तिथं संपलं.

कवींनी मात्र तिच्याकडं पाठ फिरवली. मी स्वतः थोडंफार लिहितो, म्हणून जातभाईंची तक्रार करायचा मला हक्क आहे. उर्दू गझलेत गुलाबाला जितकं रडवलं आहे तितकं कुणाला नसेल, पण जास्वंद त्या बागेत शिरलेली नाही. मराठीत मोगरा, पारिजातक, बकुळ, चाफा, सगळे वासवाले. वास नाही म्हणजे आठवण नाही, असा आम्हा मंडळींचा समज. तत्त्वज्ञांना ती कवींपेक्षा जास्त उपयोगी पडली. स्वच्छ स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक तांबडा दिसतो, पण तांबडा होत नाही, हा दाखला सांख्यांपासून वेदान्त्यांपर्यंत सगळ्यांनी वापरला. आत्म्याला काही चिकटत नाही हे सांगायला त्यांना फूल सापडलं ते जास्वंदीचं.

एका कवीनं मात्र तिची भरपाई केली. काझी नज़रुल इस्लाम. बंगालमध्ये तांबडी जास्वंद कालीमातेची, आणि नज़रुल यांनी कालीमातेवर कितीतरी गाणी लिहिली. त्यातल्या एका प्रसिद्ध गाण्यात ते थेट जास्वंदीलाच विचारतात, की बाई, तू अशी कुठली साधना केलीस म्हणून तुला त्या पायांशी जागा मिळाली? मुसलमान घरात जन्मलेला कवी हा प्रश्न विचारतो आणि बंगालमधली घरं ते गाणं आपल्या पूजेत गातात. आणि तिकडं मलेशियानं, जिथं बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, 1960 मध्ये याच फुलाला राष्ट्रीय फूल केलं. फुलाला या गोष्टींची खबर नसते.

आमच्या अंगणात ती आली 1984 साली, घर बांधलं तेव्हा. अम्मानं माहेरहून फांदी आणली. तिला ती देवासाठी नको होती, उघड आहे. आमच्याकडं कबरीवर जातो तो गुलाब आणि मोगरा. अम्माला जास्वंद हवी होती केसांसाठी. पानं वाटून त्याचा चिकट लगदा काढायची आणि त्यानं बहिणींचे केस धुवायची, फुलं खोबरेल तेलात उकळायची. झाड भिंतीच्या वर गेलं तसं गल्लीतल्या बायकांचं येणं सुरू झालं. समोरच्या काकू पहाटेच्या. त्यांची हाक ठरलेली, ‘भाभी, फुलं घेते हो.’ आत नमाजाची चटई अंथरलेली, बाहेर फुलं तोडल्याचा आवाज. मंगळवारी जास्त, आणि गणपतीच्या दहा दिवसांत तर अम्मा आदल्या संध्याकाळीच सांगायची, ‘वहिनी, वरच्या कळ्यांना हात लावू नका, उद्या एकवीस भरतील.’

पाण्याचा प्रश्न तिनं असा सोडवला. वजूची जागा तिनं झाडाच्या बुंध्याशीच केली. एक फरशी, शेजारी तोटीचा लोटा. दिवसातून पाच वेळा हात, तोंड, पाय धुतलेलं पाणी सरळ आळ्यात. साबण नाही, तेल नाही, झाडाला याहून चांगलं सांडपाणी मिळायचं नाही. घरातले सगळे मिळून दिवसाला बादलीभर तरी होई. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वजूला पाणी जास्त सांडू नका, अशी शिकवण आहेच. अम्मा म्हणायची, सांडायचंच तर झाडात सांडा. 2003 च्या दुष्काळात गल्लीत टँकर यायचा, रांगेत भांडणं व्हायची, पण या झाडासाठी वेगळं पाणी असं तिनं कधी घातलं नाही, आणि ते वाळलंही नाही. त्याच पाण्यावर आलेली फुलं समोरच्या देवघरात जायची. याबद्दल दोन्ही घरांत कधी एक शब्द बोलला गेला नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

पुढं एका वर्षी ते सुचवलं गेलं. कुठं दूर काहीतरी घडलेलं, त्याचे खरेखोटे फोटो मोबाईलवरून फिरले, आणि गल्लीतली पोरं घरोघर मोठ्या माणसांना शहाणं करायला लागली. त्या गणपतीत काकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. झाड आपल्या हिशोबानं फुलत होतं. संध्याकाळी मिटलेली फुलं खाली पडत होती आणि अम्मा सकाळी ती झाडून काढत होती. जास्वंद झाडाखाली कुजलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. एरवी फूल खाली पडायला शिल्लक राहतच नसे. मी रागानं काही बोललो, तर अम्मा म्हणाली, ‘फुलाचं काय, ते एका दिवसाचं असतं.’ एवढंच.

दुसऱ्या वर्षी आषाढात, पालखी पुढं गेल्यावर, काकू दारात. फुलं मागायला नाही. म्हणाल्या, ‘भाभी, एक फांदी द्या. आमच्याच दारात लावते.’ मला ते टोचलं. म्हणजे आता येण्याचीही गरज राहणार नाही, असा त्याचा अर्थ मी लावला. अजूनही तो तसाच होता की वेगळा, हे मला ठरवता आलेलं नाही. अम्मानं अर्थ लावला नाही. तिनं कोयता मागवला, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन फांद्या निवडल्या, आणि काकूंना तिथंच पायरीवर बसवून, खालची पानं कशी काढायची, किती मातीत जाऊ द्यायची ते सांगितलं. ‘एक लावू नका, तीन लावा, एक तरी धरते.’ चहा झाला. गेल्या वर्षाचं नाव कुणी काढलं नाही.

त्यानंतर अम्माचे गुडघे गेले. तिला फरशीवर बसता येईना, वजू आत मोरीत खुर्चीवर होऊ लागली. आम्ही बाकीचेही नळाखाली हात धुणारे झालो होतो. पाण्याची वाट बदलली. 2019 चा उन्हाळा आला, आधीच्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेलेला, तालुक्यात दुष्काळ जाहीर झालेला. पस्तीस वर्षांचं ते झाड मे महिन्यात वरून वाळत आलं, आणि जूनमध्ये फांदी मोडली तर आत हिरवं नव्हतं.

त्या आषाढात काकू पुन्हा आल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन फांद्या घेऊन. अम्मा खाटेवरून म्हणाली, ‘किती लांब मातीत घालायची, ठाऊक आहे ना?’ काकू म्हणाल्या, ‘तुम्हीच शिकवलंय की.’ तीनपैकी दोन धरल्या. अम्मा आता नाही. आमच्या दारात आज जी जास्वंद आहे ती काकूंच्या झाडाची, आणि काकूंची आमच्या झाडाची. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं पाहिलं तर ते झाड मेलेलंच नाही, फक्त रस्ता ओलांडून जाऊन परत आलं. फुलं मात्र आता दोन्ही घरी आहेत, त्यामुळं पहाटेची ती हाक बंद झाली आहे. हेही खरं आहे, आणि मला ती हाक आठवते.

असो. ज्यांना लावायची आहे त्यांच्यासाठी आता चार गोष्टी.

बाजारात आता मोठ्या, थाळीएवढ्या, दोन-तीन रंगांच्या संकरित जास्वंदी मिळतात. दिसायला सुंदर आहेत, पण आमच्या उन्हात आणि खाऱ्या पाण्यात नाजूक. जुनी पाच पाकळ्यांची तांबडी नर्सरीत सहसा विकायला नसते, कारण तिला गिऱ्हाईक नाही. ती शेजाऱ्याकडंच मागावी लागते. खड्डा दीड फुटाचा, तळाशी मुरमाचा थर, म्हणजे काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजणार नाहीत. वर कुजलेलं शेणखत. ऊन निदान पाच-सहा तास हवं, नाहीतर पानंच येतील. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटायला भिऊ नका. थंडी सरताना एक तृतीयांश छाटलं, की उन्हाळ्याच्या तोंडी झाड फुलांनी भरतं.

चुनखडीत जास्वंदही थोडी पिवळी पडते, फक्त कॅमेलियासारखी हाय खात नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम हिराकस आणि एका लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. उसावर केवडा पडतो तेव्हाचंच औषध. दुसरा शत्रू पिठ्या ढेकूण. शेंड्याला कापूस चिकटल्यासारखं दिसतं आणि पानं आकसतात. सोबत मुंग्यांची रांग असतेच, कारण त्यातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो, आणि त्या बदल्यात त्या ढेकणांची राखण करतात. सुरुवातीला असेल तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. जास्त असेल तर शेंडे छाटून जाळावेत, गटारात टाकू नयेत, नाहीतर शेजारच्या भेंडीवर जाईल. भेंडी घरचीच आहे, हे त्या किडीलाही माहीत आहे. उरलेल्यावर निंबोळी अर्क मारावा.

आणि फांदी. पावसाळा सुरू झाला की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, फार कोवळी नको आणि फार जुनी नको. डोळ्याच्या खाली तिरका काप. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, मोठी असली तर तीही अर्धी कापा. दोन डोळे मातीत, दोन वर. सावलीत ठेवा, माती ओली राहू द्या, आणि उपटून मुळं आली का ते पाहू नका. महिना-दीड महिन्यात वरून फूट आली, की समजा धरली.

चोरून आणलेली फांदी चांगली लागते, असं लोक म्हणतात. मी दोन्ही प्रकारच्या लावलेल्या पाहिल्या आहेत, मुळांना फरक कळत नाही. तरी मागून घ्या. आमच्या घरचा मुहूर्त पालखी माळशिरसकडं निघाली की दुसऱ्या दिवशीचा. तेव्हा जमीन भिजलेली असते आणि रस्ताही मोकळा झालेला असतो. यंदा पुतणी सुट्टीला त्याच सुमारास येणार आहे. ती फांदी मागते आहे. दार्जिलिंगच्या थंडीत जमिनीत नाही टिकणार, पण कुंडीत लावून डिसेंबर-जानेवारीत घरात, खिडकीच्या काचेआड ठेवली तर निभेल, असं मी तिला कळवलं आहे. तीन फांद्या देणार आहे.